चटणी करताना मिक्सर बंद पडला? मोटरीआधी जार तपासा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. ७५० वॅटचा मिक्सर, घेऊन चार वर्षं झाली. शेंगा चटणी करताना आधी खडखड वाढली, मग जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला. थोड्या वेळाने खालचं लाल बटण (ओझं जास्त झालं की उडून मोटर बंद करणारं) दाबलं तर मोटर फिरते, पण जार ठेवला की अडखळते आणि झरोक्यातून ठिणग्या दिसतात. दुकानात नेला तर न उघडताच उत्तर मिळालं, ‘मोटर जळाली, दुरुस्तीत पैसे घालू नका, नवा घ्या.’ खरंच मोटर गेली का आणि घरी काय तपासता येईल, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी मोटर गेली असं वाटत नाही. जळालेली मोटर लाल बटण दाबून सहसा परत फिरत नाही. फिरलीच तर जार नसतानाही तिच्यात जोर नसतो आणि काही सेकंदांत वास, धूर सुरू होतो. तुमची मोटर मोकळी नीट फिरतेय, जार बसवल्यावरच अडतेय. म्हणजे दुखणं जारमध्ये आहे, निदान सुरुवात तरी तिथूनच झालीय. सोलापुरात मिक्सर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि ‘मोटर गेली’ म्हणून टेबलावर येणाऱ्या मिक्सरांत जारमुळे बिघडलेलेच जास्त बघितले. जार न बघता नुसती मोटर बदलून दिली, की तोच जाम जार नव्या मोटरीवर बसतो आणि तीही जळते. गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. पार्ट चांगला असतो, जार तसाच राहिलेला असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी जार, मग कपलर (मोटर आणि जार जोडणारा दातांचा तुकडा), मग कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे दोन तुकडे), आणि मोटर सगळ्यात शेवटी.

हात लावायच्या आधी प्लग बोर्डातून काढून डोळ्यांसमोर ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधी कधी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. अशा बोर्डावर बटण बंद केलं तरी मिक्सरच्या आत फेज येतच राहतो. दुसरं म्हणजे वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या पूर्ण मिक्सरवर २ वर्षं आणि मोटरवर ५ वर्षं वॉरंटी देतात. तुमच्या मिक्सरला चारच वर्षं झाली आहेत, त्यामुळे मोटर अजून वॉरंटीत असू शकते. तसं असेल तर खालचे स्क्रू उघडू नका, सील तुटलं की हक्क जातो. जार आणि कपलर बाहेरून बघायला मात्र काहीच हरकत नाही.

आता वास नेमका कसला होता ते आठवा. जळलेल्या रबराचा, टायर जळल्यासारखा असेल तर तो कपलरचा. मोटर फिरत होती, जारची पाती अडली होती आणि मधला कपलर घासून तापला. डोक्यात जाणारा, उग्र, घशाला झोंबणारा वास असेल तर तो वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीच्या, वार्निशचा. तो एकदा थोडा आला म्हणजे मोटर संपली असं नाही, पण वार्निश तापलंय एवढं नक्की. नवा मिक्सरही पहिल्या काही वेळा तापला की थोडा वार्निशचा वास देतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तिसरा वास मसाला आणि तेल जळाल्याचा. जारमधून गळलेलं तेल मोटरवर पडून तापलं की तो येतो. शेंगा चटणी करणाऱ्या घरांतल्या मिक्सरला हा वास बरेचदा येतो.

जार तपासायला हत्यार लागत नाही. रिकामा, धुतलेला जार उलटा धरा आणि तळाचा कपलर बोटाने फिरवा. हलक्या हाताने फिरला पाहिजे आणि सोडल्यावर थोडा आपोआप सरकला पाहिजे. जोर लावावा लागत असेल, मध्येच अडत असेल किंवा करकरत असेल तर तुमच्या मोटरीवरचं ओझं सापडलं. मग कपलर धरून बाजूला हलवून बघा. लटलट हलत असेल तर बुश झिजलाय. जारच्या तळात पात्याची दांडी ज्या पितळी किंवा तशाच धातूच्या नळीत फिरते, तो बुश. तो झिजला की दांडी वाकडी फिरते आणि खडखड येते. दांडीभोवती पाणी अडवणारं सील एका बाजूला दाबून खराब होतं आणि जार गळायला लागतो.

गळती बघायला जारमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर वीसेक मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर तो जार सील बदलेपर्यंत मिक्सरवर चढवायचा नाही. हे मी फार गंभीरपणे सांगतोय. जारच्या तळातून गळलेलं पाणी, ताक, चटणीचं तेल सरळ कपलरच्या खालच्या खड्ड्यात उतरतं. त्या खड्ड्याला बऱ्याच मिक्सरांत बाहेर काढणारं भोक किंवा नळी दिलेली असते, पण ती मसाल्याने बुजलेली असते आणि आपण तिच्याकडे कधी बघत नाही. मग ओल मोटरच्या दांडीवरून खाली झिरपते. आधी वरचं बेअरिंग गंजतं, मग आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागावर, थर बसतो. काडीने ते भोक मोकळं करणं एवढ्या साध्या कामाने मिक्सरचं आयुष्य खूप वाढतं.

अडकलेला जार बहुतेक वेळा वाळलेल्या मसाल्यानेच अडकलेला असतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण तळ बुडेल इतका घालून अर्धा तास ठेवा, मग कपलर खालून दोन्ही दिशांना हलवत मोकळा करा. पात्याला हात लावू नका, लाकडी डावाची दांडी वापरा. मोकळा झाल्यावर जार उलटा ठेवून पूर्ण वाळवा आणि पात्याच्या मुळाशी खोबरेल तेलाचा एकच थेंब सोडा. शेंगतेल किंवा करडईचं तेल घालू नका. ते हवेने घट्ट, चिकट होतं आणि महिन्याभरात जार पुन्हा जाम होतो. शिलाई मशीनचं तेल किंवा ग्रीस तर अजिबात नको, ते जेवणात उतरतं. एवढं करूनही जार जड राहिला तर बुश आणि सील बदलून घ्या. हे काम कुठलाही मिक्सरवाला तासाभरात करतो आणि खर्च किरकोळ असतो. तिन्ही जार एकदम तपासा. चटणीचा छोटा जार सगळ्यात लवकर खराब होतो, कारण त्याच्यात कोरडं, तेलकट आणि घट्ट असं सगळं वाटलं जातं.

आता कपलर. मोटरच्या दांडीवर बसवलेला, दात असलेला काळा किंवा रंगीत तुकडा. त्याचे दात गोल झालेत का, कडेला तडा गेलाय का, वितळल्याच्या खुणा आहेत का ते उजेडात बघा. जारच्या खालचा कपलरही त्याच्या शेजारी धरून बघा. दोघांपैकी एकाचे दात झिजले की दुसऱ्याचेही झिजतात, म्हणून शक्यतो जोडी एकदम बदलावी. मोटर जोरात फिरते पण पातं थांबून थांबून फिरतं, ही खूण कपलरचीच. मोटरवरचा कपलर नायलॉनचा किंवा रबरासारखा असतो याला कारण आहे. हळकुंडाचा तुकडा पात्यात अडकला तर मोटरची दांडी वाकण्याआधी कपलर तुटावा. त्याच्या जागी ‘हा कधीच तुटणार नाही’ म्हणून लोखंडी किंवा पितळी कपलर कुणी बसवून देत असेल तर घेऊ नका. पुढच्या वेळी अडलेल्या जारचा झटका सरळ मोटरीला बसेल.

हा कपलर काढताना लोकांची फार ओढाताण होते. बहुतेक मिक्सरांत तो आट्यांवर बसवलेला असतो, आणि आटे अशा दिशेचे असतात की चालताना पडणाऱ्या ओझ्याने तो आपोआप आवळत जावा. म्हणून नियम असा: मोटर ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. फिरण्याची दिशा कपलरच्या डोक्यावर बाणाने दाखवलेली असते, नाहीतर आधी क्षणभर मोटर चालू करून बघून ठेवायची आणि प्लग काढायचा. दांडी धरायला खालची प्लेट उघडावी लागते. बऱ्याच मोटरींच्या दांडीला खालच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हरची खाच असते, तिथे धरा. पंख्याच्या पात्यांना धरून जोर लावू नका. पंखा प्लॅस्टिकचा असतो, त्याचं एक पातं तुटलं की मोटर कायमची थरथरते.

इथे थोडं थांबून मोटर कशी चालते ते सांगतो, कारण शेंगा चटणीने मिक्सर का बंद पडतो हे त्यातूनच कळतं. मिक्सरची मोटर पंख्यासारखी किंवा पाण्याच्या पंपासारखी नसते. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. बाहेरची फील्ड कॉइल आणि आतलं फिरणारं आर्मेचर एकामागे एक जोडलेले असतात आणि दोन कार्बन त्यांना जोडून ठेवतात. अशी मोटर रिकामी असली की मिनिटाला १८,००० ते २०,००० फेऱ्या मारते. ओझं वाढलं की फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या की करंट वाढतो. ७५० वॅटच्या मिक्सरला २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर लागतात. पातं पूर्ण अडलं तर करंट त्याच्या कितीतरी पट जातो. त्यात मोटर थंड करणारा पंखा त्याच दांडीवर असतो. म्हणजे मोटर सगळ्यात जास्त तापते त्याच वेळी तिला वारा सगळ्यात कमी मिळतो.

म्हणून ‘मोटर जपायची’ म्हणून घट्ट चटणी एक नंबरवर दहा मिनिटं फिरवत ठेवणं हे उलटं काम आहे. एक नंबर सुरुवातीला साहित्य हलवून घेण्यापुरता. पातं मोकळं फिरायला लागलं की दोन-तीनवर न्या, आणि तीनवरही पातं रेंगाळत असेल तर साहित्य कमी करा किंवा पाणी घाला. आवाज ऐका. आवाज बारीक आणि उंच असेल तर मोटर सुखात आहे. तो खाली खाली, घोगरा होत गेला की लगेच बंद करा. लाल बटण उडण्याची वाट बघू नका, ते शेवटचं रक्षण आहे. उडालंच तर प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं मोटर निवू द्या, जार रिकामा करा, मग दाबा. भरलेल्या जारवर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलं, की जी मोटर वाचली असती ती खरंच जळते.

आपल्याकडची शेंगा चटणी मुळात कुटायची. उखळात घाव बसतो तसं शेंगदाण्याचं तेल सुटतं, तरी दाणा जरा जाडसर राहतो. मिक्सर कापतो आणि तापवतो. भाजलेले शेंगदाणे गरम असतानाच टाकले की अर्ध्या मिनिटात तेल सुटून तळाशी लगदा होतो. तो पात्याभोवती घट्ट बसतो आणि पातं त्यातच घासत राहतं. तुमच्याकडे हेच झालं असणार. दाणे पूर्ण गार करा. छोटा जार अर्ध्याहून कमी भरा. सतत फिरवू नका, उलट्या बाजूचं पल्सचं बटण दोन-तीन सेकंद दाबायचं, सोडायचं, जार काढून हलवायचा, कडेचं खाली घ्यायचं. तिखट, लसूण, जिरं, मीठ आधी थोड्या दाण्यांबरोबर फिरवून घ्या, उरलेले दाणे शेवटी. चवही उखळाच्या जवळ जाते आणि मोटरही तापत नाही. किलो-दोन किलोची चटणी पुण्या-मुंबईला पाठवायची असेल तर ती एका बैठकीत घरच्या मिक्सरवर करू नका. दर घाण्यानंतर थांबा, नाहीतर डंकावर न्या.

उन्हाळ्यात तर हे थांबणं दुप्पट करा. मोटर थंड होते ती स्वयंपाकघरातल्याच हवेने. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना आणि शेजारी शेगडी पेटलेली असताना त्या हवेत थंडावा कुठून येणार? आणि नेमका तोच काळा मसाल्याचा हंगाम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत इडली-डोशाच्या पिठाचं ओझं वर्षभर असतं. तिथे उडीद पुरेसा भिजलेला असणं आणि वाटताना थंड पाणी थोडं थोडं घालत राहणं, यावर मोटरचं आयुष्य ठरतं. यंत्रमागाच्या कारखान्याला लागून घर असेल तर आणखी एक गोष्ट. कापसाचे बारीक तंतू मिक्सरच्या खालच्या झरोक्यात ओढले जातात आणि तिथे नमद्यासारखा थर जमतो. वर्षातून एकदा मऊ ब्रशने ते झरोके साफ करा. मिक्सर कापडावर किंवा प्लॅस्टिकच्या मऊ टेबलक्लॉथवर ठेवून चालवू नका, हवा खालूनच आत जाते.

आता ठिणग्या. कार्बन आणि कॉम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी, जिथे घासतात तिथे बारीक निळसर ठिणगी चालते. अंधारात बघितलं तर प्रत्येक चांगल्या मिक्सरमध्ये ती दिसते. ठिणगी पिवळी, मोठी, कडीभोवती गोल फिरणारी असेल तर मात्र दखल घ्यायची. तुमच्या बाबतीत मला एक शक्यता जास्त वाटते. पातं अडून मोटर थांबली, तेव्हा कार्बन ज्या पट्ट्यांवर टेकलेले होते त्या पट्ट्या जास्त करंटने भाजल्या. आता दर फेरीला कार्बन त्या डागावरून जातो आणि ठिणगी उडते. हे साफ करून बरं होऊ शकतं.

वॉरंटी संपली असेल आणि घरात कुणाला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत असेल तर खालची प्लेट उघडा. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा, विशेषतः स्विचवर कुठल्या रंगाची वायर कुठे आहे त्याचा. झुरळं निघाली तर नवल वाटून घेऊ नका. उबदार जागा आणि मसाल्याचे कण, त्यांना अजून काय हवं? त्यांनी स्विचच्या संपर्कात घाण केली की मिक्सर कधी चालतो, कधी नाही. वायर उंदराने कुरतडलीय का तेही बघा.

कार्बन स्प्रिंगने मागून दाबलेले असतात. काढताना कुठला कुठल्या बाजूचा आणि कसा बसला होता ते लक्षात ठेवा, कारण त्याचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईला घासून बसलेलं असतं. उलटा घातला तर ठिणग्या वाढतात. लांबी ५-६ मिलिमीटरच्या आसपास आली असेल, कोपरा तुटला असेल किंवा स्प्रिंग जळून मऊ झाली असेल तर जोडीच बदला. एकच बदलू नका. जुना कार्बन दुकानात नेऊन रुंदी-जाडी जुळवून घ्या. होल्डरमध्ये तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे, अडकता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. जाड कार्बन घासून बसवण्यापेक्षा दुसऱ्या दुकानात शोधलेला बरा.

कॉम्युटेटर काळा पडला असेल तर झिरो नंबरच्या काच-पेपरची पट्टी त्यावर धरून आर्मेचर हाताने फिरवा. तांबं चमकलं की थांबा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसून शॉर्ट करू शकतात. फटींत साचलेली कार्बनची भुकटी टूथपिकने काढा आणि मऊ ब्रशने झटका. एखादी पट्टी वर उचलली गेली असेल, किंवा दोन पट्ट्यांच्या मधे जळून खड्डा पडला असेल, तर ते घरचं काम नाही.

मल्टिमीटर असेल तर प्लगच्या दोन पिनांत ओहम मोजा, स्विच तीनवर ठेवून. मोटर चांगली असेल तर दहा-वीसपासून पन्नासेक ओहमपर्यंत काहीतरी दिसतं. काहीच दिसलं नाही तर साखळी कुठेतरी तुटलीय. लाल बटण, वायर प्लगजवळ किंवा मिक्सरमध्ये शिरते तिथे, स्विच, कार्बन, याच क्रमाने शोधा. काही मॉडेलमध्ये जार नीट बसल्याशिवाय न जुळणारा सुरक्षा-स्विचही असतो, तो विसरू नका. मग अर्थची जाड पिन आणि बाकीच्या दोन पिना यांच्यात मोजा, आणि मोटरच्या लोखंडी गाभ्याशीही. इथे मीटर हलता कामा नये. हलला तर आत ओल आहे किंवा इन्सुलेशन गेलंय. ओल असेल तर सोलापूरचं ऊन आहेच. उघडी मोटर दोन दिवस उन्हात ठेवून पुन्हा मोजा. तरी रीडिंग येत असेल, किंवा मिक्सरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, तर तो पुढे मुळीच चालवू नका आणि मिक्सरवाल्याकडे मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासून घ्या. दुकानात आम्ही बल्बचा सिरीज बोर्ड वापरतो, तो घरी करू नका. त्यात २३० व्होल्ट उघडे असतात.

मोटर खरीच गेली असेल तर ती लपत नाही. आर्मेचरच्या तारा एकाच जागी काळ्या पडलेल्या दिसतात, वार्निशचे पापुद्रे सुटतात, जार नसतानाही कडीभोवती आगीचं वर्तुळ फिरतं. तेव्हा दुरुस्त करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. आर्मेचर गेलं, फील्ड गेली की दोन्ही? नवीन पार्ट तांब्याच्या तारेचा की अॅल्युमिनियमचा? जुना पार्ट परत मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाने पहिल्या दोघांची उत्तरं खरी येतात. अॅल्युमिनियमची मोटर स्वस्त असते, चालतेही, पण चटणी-मसाल्याच्या घरात ती लवकर तापते. तांब्याचीच घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. यंत्रमागांच्या मोटरींमुळे आपल्या गावात वाइंडिंगचे चांगले कारागीर आहेत, फील्ड कॉइल नव्या तारेने भरून देणारे मिळतात. मिक्सरचं आर्मेचर मात्र भरण्यापेक्षा नवं घालावं. वीस हजार फेऱ्यांवर फिरणारी वस्तू तोलात नसेल तर बेअरिंग टिकत नाहीत.

दुरुस्ती की नवा, यावर माझं मत असं. कपलर, कार्बन, बुश, सील, स्विच, वायर यातलं काहीही गेलं तर दुरुस्तीच करा, डोळे झाकून. एकटं आर्मेचर गेलं आणि जार चांगले असतील तरीही दुरुस्ती परवडते. आर्मेचर आणि फील्ड दोन्ही गेले आणि वर तिन्ही जार लटलटत असतील, तर मी स्वतःच गिऱ्हाइकाला नवा घ्यायला सांगतो. पण उघडून न बघता ‘नवा घ्या’ म्हणणं मला मान्य नाही. साठच्या दशकात आपल्या देशात सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर उभा केला, तो परदेशी मिक्सर आपल्या वाटणाला टिकत नाही आणि दुरुस्तही होत नाही या अडचणीतून. हे यंत्र इथे रुजलं तेच कोरड्या मसाल्याला टिकावं आणि उघडून नीट करता यावं म्हणून. चार वर्षांच्या यंत्राला भंगारात काढण्याआधी पाच मिनिटं उघडून बघणं एवढं तर आम्ही दुरुस्ती करणाऱ्यांनी करायलाच हवं.

ताई, तुमच्यासाठी आता एवढंच. आज छोटा जार उलटा धरून फिरवा आणि कागदावर पाण्याची परीक्षा करा. मग तो बाजूला ठेवून मोठ्या जारमध्ये दोन पेले पाणी घालून एक नंबरवर दहा सेकंद, मग दोनवर दहा सेकंद चालवा, झाकणावर हात ठेवून. मोठ्या जारवर मोटर न अडखळता चालली आणि वास आला नाही, तर मोटर चांगली आहे. छोट्या जारचं सील-बुश आणि दोन्हीकडचे कपलर बदलले की काम झालं. पाण्यावरही अडखळली किंवा पिवळी ठिणगी गोल फिरताना दिसली, तर लगेच थांबवा, वॉरंटी कार्ड घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जा आणि बरोबर तिन्ही जारही न्या. ते मागणार नाहीत, तुम्हीच पुढे करा आणि तपासून द्यायला सांगा. आणि मला दोन गोष्टी कळवा: मोटरवरच्या कपलरचे दात कसे दिसतात, आणि छोटा जार बोटाने किती फेऱ्या फिरतो.